उत्तर खाली असतं

डुलुथपासून तासभर वर, फेब्रुवारीत,
तळ्याच्या पाठीवर उभं राहून आम्ही बर्फाला भोक पाडलं.
मी, आणि टॉइवो लहटी:
एकतीस वर्षं हिबिंगच्या खाणीत डंपर हाकलेला,
आता विद्यापीठाला रोजावर ड्रिल चालवून देणारा.

नळीतून गाळ वर आला, काळा, थरांवर थर,
सडक्या अंड्याचा वास मारत.
किती जुना, त्याने विचारलं.
तळचा नऊ हजार वर्षांचा.
'तरीच,' म्हणाला, आणि नाक पुसलं.

या गाळात जीवाणू राहायचे,
पोटात लोखंडाचे मणी घडवून सरीत ओवणारे.
इथे पृथ्वीची चुंबकरेषा
जमिनीत जवळजवळ उभीच घुसते,
म्हणून त्यांची उत्तर दिशा खाली.
जिथे प्राणवायू विरळ, तिथे त्यांना बरं वाटायचं.
माझ्या भाषेत उत्तर म्हणजे आणखीही काही,
पण बर्फावर, उणे वीसमध्ये,
टॉइवोला ते कसं सांगणार?

मेल्यावर देह विरतो.
सर उरते, उरली तर.

नखभर गाळ यंत्रात ठेवला.
रात्रभर ते चुंबकक्षेत्र चढवत राहिलं, उतरवत राहिलं,
विसराळू म्हाताऱ्याला
पुन्हापुन्हा नाव विचारावं तसं.
पहाटे चारला पडद्यावर
आडव्या अक्षाला बिलगून एक बारीक धार उमटली.
म्हणजे सरी शाबूत,
एकीच्या ओढीत दुसरी न सापडलेली.
मी एकटीच होते. चहा गार झाला होता. तोच प्यायले.

पुढचे चार नमुने मात्र नुसते डाग.
तिथे सरी मोडून मणी मण्यांना चिकटले असतील,
किंवा कधी कुणी नव्हतंच.
यंत्राला फरक कळत नाही.
मलाही नाही. वहीत तसंच लिहिलं.

टॉइवो चेक न्यायला आला, तेव्हा त्याला
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला:
करडे ठिपके, एकामागे एक, किंचित वाकलेले.
'हे लोखंड?'
लोखंडच. तुझ्या खाणीतलंच, जातीने.
त्याने बोटावर मोजले. बारा.
उजवी करंगळी नाही त्याला,
म्हणून पुन्हा मोजले.
'आमच्या एका खेपेला दोनशे चाळीस टन जायचे,'
एवढंच बोलला,
आणि फोटो मागितला.

परवा त्याच्या स्वयंपाकघरात कॉफीला गेले.
फ्रिजच्या दारावर तो फोटो,
पेट्रोल पंपावर मिळतो तसल्या
माशाच्या आकाराच्या चुंबकाने धरलेला,
उभा लावलेला,
एक टोक फरशीकडे.