सतरावा पट

वानाद्झोरच्या अकरा नंबर शाळेची व्यायामशाळा.
फेब्रुवारी. हीटर एकच, तोही पहिल्या पटाजवळ.
सतराव्या पटावर कोट घालूनच खेळतात.

पांढरे मोहरे हायकानुशचे, बाजारात किल्ल्या घासून देते ती.
काळे गुर्गेनचे. बंद पडलेल्या रसायन कारखान्यात
हा क्रेन चालवायचा. अजूनही मोहरा
सरळ वर उचलतो, क्षणभर अधांतरी धरतो,
खाली कुणी उभं नाही ना बघतो,
मग ठेवतो.

मी पंच. गप्प राहण्याचा पगार.

आमच्याकडे उंटाला हत्ती म्हणतात
आणि हत्तीचं नाव आहे नाव.
समुद्र नसलेला देश आमचा,
पटाच्या चार कोपऱ्यांत चार नावा बांधलेल्या.
तास उलटला तरी गुर्गेनच्या दोन्ही
किनाऱ्यालाच.

बाविसाव्या खेळीला तिने घोडा फुकट दिला.
तिसाव्याला त्याने तो फेडला, व्याजासकट.
पहिल्या पटावर असं होत नाही.
तिथे माणसं इतकी उदार नसतात.

मग चौतिसावी.
वजीर एक घर सरकला की मात.
एकच घर.
मला दिसलं. शेजारच्या पटावरच्या पोराला दिसलं,
त्याने स्वेटरची बाही तोंडात कोंबली.
हायकानुश वजिराकडेच बघत होती,
किल्लीचे दात मोजावेत तशी.
माझ्या जिभेवर ते घर
गरम बटाट्यासारखं फिरत होतं.
तिने प्यादं ढकललं.

गुर्गेन घाबरला.
प्याद्याला.

एकाहत्तराव्या खेळीला पटावर दोन राजे उरले,
बाकी सगळी मोकळी जमीन.
हात मिळवले. अर्धा गुण, अर्धा गुण.

पोरगं धावत आलंच. भराभर मोहरे मांडले,
वजीर एक घर सरकवला आणि दूर झालं,
काच फोडल्यासारखं.

दोघं बराच वेळ बघत राहिले.
"म्हणजे कुलूप लागलेलंच नव्हतं," ती म्हणाली.
"आणि मी आत बसून होतो," गुर्गेन म्हणाला,
"सदतीस खेळ्या."
हसला नाही. नंतर जिन्यात हसला असावा,
आवाज आला.

दिवे मालवायच्या आधी मी खोका भरला.
एक पांढरी नाव कमी.
टेबलाखाली वाकून पाहिलं, हीटरमागे पाहिलं.
तेवढ्यात तो परत वर आला, धापा टाकत,
कोटाच्या खिशातून मूठ काढली, उघडली.
मारलेली नाव, केव्हापासून धरलेली.
तेवढीच एक वस्तू त्या खोलीत
ऊबदार होती.