पाठकोरं एकही नव्हतं

निवृत्ती वडनेऱ्यांची चित्रं मी आधी पाठीमागून वाचली.
फ्रेमवाल्याचं तेच असतं:
काच खाली, चित्र पालथं, वर पुठ्ठा,
मग बारीक चुका, चहूबाजूंनी.

पाठीवर शिसपेन्सिलीचं मुंगीअक्षर:
'सोमेश्वर, सकाळी सात. हिरवा संपला,
निळ्यात पिवळा घालून भागवलं.'
'रामशेज, पश्चिमेकडून. ढग थांबले नाहीत.'
'तांब्या, दोन कांदे, वर्तमानपत्र.
कांदे रात्री भाजीत गेले.'

तांबट गल्लीतला माणूस.
वडील दिवसभर घागरीवर ठोके घालायचे
आणि हा पोरगा समोर बसून
ठोक्याठोक्यात साचलेला उजेड मोजायचा.
'एका घागरीत किती खिडक्या असतात, ठाऊक आहे?'
मला विचारलं एकदा.
मी म्हटलं, काच किती जाडीची टाकू?

नोकरी नाशिकरोडला, प्रेसमध्ये.
एकतीस वर्षं कोऱ्या नोटा तपासल्या,
रोज गेटवर खिसे उलटे करून दाखवले,
आणि माझी उधारी
तीन-तीन हप्त्यांत फेडली.

प्रदर्शन एकच. वाचनालयाचा लहान हॉल,
पंखा एक, दिवस तीन.
अभिप्रायाच्या वहीत सव्वीस सह्या,
त्यातल्या चार माझ्या घरच्या.
विकलं गेलं ते द्राक्षांचं.
पिंपळगावचा बागायतदार चित्राला नाक लावून म्हणाला,
'सोनाका आहे. आठ दिवस आधी तोडलाय.'
वडनेरे ते वाक्य महिनाभर
खिशात घालून फिरत होते.

मग तो पूर.
दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी,
माझ्या दुकानात कंबरभर.
खालच्या रांगेतली त्यांची अकरा जलरंगातली चित्रं
पाण्याची होती, पाण्यानं नेली.
तोंड कसं दाखवावं या विचारात मी,
तर हेच आले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.
गाळातून एक चौकट उपसली.
काचेआड नुसता तपकिरी थर,
कडेला चिकटलेलं अर्धं पान.

पुठ्ठा काढला. पाठीवर पेन्सिल शाबूत:
'गंगा, गाडगे महाराज पुलावरून.
पाणी जमलं नाही.'

वाचून इतके हसले
की शेजारचा भांडीवाला फावडं टाकून बघायला आला.
माझ्या कानावरची पेन्सिल घेतली,
खाली लिहिलं, 'आता जमलं',
आणि तारीख.

ती चौकट विकाऊ नाही.
भिंतीकडे तोंड करून टांगलीय.