अर्धी ट्यूब

एका ट्यूबमध्ये दोन डोकी भागायची.
अर्धी माझी, अर्धी इबोयाची,
दर पाचव्या शनिवारी
सेगेदच्या पुलाजवळ, माझ्या स्वयंपाकघरात.
खाली मागच्या आठवड्याचं वर्तमानपत्र,
खांद्यावर वडिलांचा विटका टॉवेल,
आणि कानामागे पोचणारा
तो झिजलेला टूथब्रश.
सत्तावीस वर्षं.
छटेचं नाव तीनदा बदललं,
एक कारखाना बुडाला, दुसरा आला,
आम्ही चेस्टनटच राहिलो.

मार्चमध्ये ती आली, टॉवेल उचलला,
त्याची नीट घडी घातली
आणि म्हणाली, "पिरोष्का, मी आता थांबते."

मी विचारलं, डॉक्टर काही बोलले का?
नाही.
मग कुणी भेटलं का?
ती इतकी हसली की पाणी द्यावं लागलं.

आम्ही जुळ्या आहोत, हे आधीच सांगायला हवं होतं.
मी अकरा मिनिटांनी थोरली.
शाळेत माझ्या छड्या तिनं खाल्ल्या, तिची गणितं मी सोडवली,
आणि एकदा अंधाऱ्या जिन्यात
तिच्या नवऱ्यानं मला पगाराचं पाकीट दिलं.

आधी तिच्या भांगात एक दोरा दिसला.
मग बोटभर.
तिसाच्या धक्क्यावर भिंतीत पूररेषा कोरलेली असते,
पाणी इथवर आलं होतं म्हणून,
तशी एक रेषा तिच्या डोक्यावर;
फक्त ही दर महिन्याला खाली उतरणारी,
आणि वर उघडा पडत जाणारा
धुतलेला, राखाडी काठ.

बाजारात मात्र सगळे मलाच बघायला लागले.
भाजीवाला लायोश आधी तिच्याकडे पाहायचा,
मग माझ्याकडे,
मिरच्या तोलता तोलता हिशेब करायचा.
चौसष्ट हा आकडा मी कुणाला सांगितला नव्हता.
तिनं सांगितला,
चकार शब्द न काढता,
पेपरिकाच्या माळांखाली नुसती उभी राहून.

मला राग आला.
म्हटलं, फळ पिकलं की टोपलीत वर मांडतात,
केस पिकले की कोण मांडतं?
ती जर्दाळू हुंगत होती.
"मग मांड ना वर," म्हणाली.

आमची आई चौपन्नाव्या वर्षी गेली,
एकही पांढरा केस नसताना.
म्हातारपणी ती कशी दिसली असती
याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.
परवा इबोया खिडकीशी बसून चष्मा पुसत होती,
उजेड मागून आला होता,
मी दारातून तिला हाक मारणार होते
आणि ओठांवर तिचं नाव आलं नाही,
दुसरंच आलं.
मी दूध बघायला आत गेले.

रविवारी गरम पाण्याच्या हौदात,
जिथे म्हातारे छातीभर पाण्यात बुद्धिबळ खेळतात,
एक नवखा मिशीवाला
हत्ती हातात तसाच धरून इबोयाला म्हणाला,
"ही तुमची मुलगी का?"
"हो," ती म्हणाली, "जरा हट्टी आहे."
अख्खा हौद हसला.
मी खूश व्हायला हवं होतं,
याच एका वाक्यासाठी तर पैसे मोजत होते.
बाहेर आलो तेव्हा दोघींची बोटं
सारखीच सुरकुतलेली.

काल पाचवा शनिवार.
सवयीनं सगळी ट्यूब वाटीत पिळली.
कालवलेला रंग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही,
आणि मागची बाजू एकटीला जमत नाही.
फोन केला.
ती आली, बाह्या सारल्या, ब्रश घेतला,
"मान खाली," म्हणाली,
आणि मानेवर तिचा गार हात.
एक शब्द बोलली नाही, बरोबर की चूक.

उरलेल्या अर्ध्या रंगाचं विचाराल
तर माझं डोकं वाळेपर्यंत
ती जमिनीवर मांडी घालून बसली
आणि वर्तमानपत्रातल्या सगळ्या मंत्र्यांना
एकेक करून
तरुण केलं तिनं.