वैरण

पिशवी उलटी केली तेव्हा
तळाशी नुसता हिरवट भुगा निघाला
आणि एक काडी, दुमडलेली.
बाहेर चीक्टोवागात तिसऱ्या दिवशीही
गाड्या रस्त्यावर आणायला बंदी.
दार उघडलं तर बर्फ आत ढासळतो,
पायपुसण्यावर बसतो न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

वैरण संपली, मी मोठ्यानं म्हणालो.
हा शब्द माझ्या तोंडात आला कुठून?
आमच्याकडे गुरं नव्हती कधी.
वडील पोस्टात, आईचा शिवणक्लास,
दारात एक सायकल, तीही हवा गेलेली.
साबुदाण्यानं मात्र शब्द ओळखला असावा.
एक कान उभा, एक आडवा करून
तो माझ्याकडे बघत राहिला.

केतकी त्याला माझ्यावर सोपवून
आईकडे गेली आहे, ॲरिझोनात, नाताळापुरती.
फ्रिजवर तिची चिठ्ठी, जांभळ्या पेनानं:
गवत कायम हवं. ‘कायम’खाली दोन रेघा.
त्याचे दात वाढतच राहतात, बाबा.
त्याचं पोट थांबलं की तो थांबतो.
बारा वर्षांची पोर.
कोर्टाच्या कागदांवरही वाक्यं
इतकी स्पष्ट नव्हती.

मग फ्रिजचे सगळे कप्पे उघडले.
कोथिंबिरीची अर्धी जुडी, चालेल.
लेट्यूसची पानं, कडेला तपकिरी, तेवढं खुडून चालतील.
कांद्याची पात नाही. बटाटा नाही.
गाजर आहे, पण ते म्हणजे पेढा, तुकडाभरच.
शेंगदाण्याची चटणी नाही, अर्थातच;
तरी डबा उघडून वास घेतला,
स्वतःसाठी.
पानं त्यानं दहा मिनिटांत संपवली
आणि परत तेच डोळे.
पानांनी भूक भागते, दात झिजत नाहीत.

या गावाच्या नावाचा अर्थ म्हणे
रानसफरचंदाची जागा.
मागच्या अंगणात तसं एक झाड आहे खरं,
अकरा वर्षांत मी त्याच्याकडे
पानं गोळा करण्यापुरतंच पाहिलेलं.
कमरेएवढ्या बर्फात फावड्यानं वाट काढत गेलो,
पेन्सिलीएवढ्या डहाळ्या तोडल्या,
नखं निळी, मिशीवर दहिवर गोठलेलं.
धुऊन, पुसून समोर ठेवल्या.
कुरुम कुरुम.
तो आवाज ऐकत मी सोफ्यावर झोपलो,
की झोपलोच नाही. मधूनमधून उठून
टॉर्च लावून लेंड्या मोजत होतो:
सत्तावीस. मग एकेचाळीस.
बऱ्याच वर्षांत इतक्या मनापासून
मी काही मोजलं नव्हतं.

सकाळी परत झाडाशी गेलो तर
शेजारच्या मिसेस व्रोब्लेव्स्का खिडकी खरवडून ओरडल्या,
एवढ्या वादळात झाड का छाटतोस, वेडा आहेस?
मी सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही.
परत सांगितलं, दोन्ही हातांचे कान करून.

दुपारी त्या आल्या. चौऱ्याऐंशी वर्षं,
पायात गेलेल्या नवऱ्याचे बूट,
हातात ब्रेडची कागदी पिशवी, आत दोन मुठी गवत.
आमच्यात, म्हणाल्या, नाताळच्या आदल्या रात्री
पांढऱ्या टेबलक्लॉथखाली पसरतात हे,
बाळ गोठ्यात जन्मलं म्हणून.
यंदा रस्ते बंद. बारा पदार्थ, आणि मी.
बघ, बिटाच्या साराचा एक डागसुद्धा नाही.
फादरनी पाणी शिंपडलंय यावर, त्याला चालेल ना?

चालेल, मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही.
त्या गुडघे धरून जमिनीवर बसल्या.
आधी एक काडी ओढ, म्हणाल्या,
न बघता. लांब निघाली तर आयुष्य लांब.
त्यांची निघाली वीतभर.
माझी निघाली आखूड, मध्येच मोडकी.
ह्यॅ, त्या म्हणाल्या, परत ओढ, कोण बघतंय?

पण तोवर साबुदाण्यानं
ती माझ्या बोटांतून ओढून घेतली होती,
डोळे अर्धे मिटून
तो ती एका टोकाकडून आत घेत होता.
रस्ते उद्या उघडतील म्हणे.