जेवत्या हाताला

यंत्राला चौसष्ट तुकडे हवे होते.
आकडे, मीटर, किलोमीटर, दिशा,
पुलावर चढा, पुलाखालून जा, चौकात तिसरी वाट.
सगळं सुटं सुटं. वाक्य ते स्वतः शिवतं.

घरात कुकर, वरच्या मजल्यावर ड्रिल,
म्हणून रात्री साडेअकराला आम्ही दोघं
खाली पार्किंगमध्ये, खांब नंबर बावीसपाशी,
गाडीच्या काचा वर करून बसलो.
एसी बंद. हरेश्वरच्या मानेवर घाम.
माझ्या हातात फोन, त्याच्या मांडीवर यादी.

आधीची बाई घणसोलीला गॅनसोली म्हणायची,
कोपरखैरण्याला काय म्हणायची ते तिचं तिलाच ठाऊक.
पण म्हणून नव्हे.
रोज रक्ताच्या नळ्या घेऊन मी ऐरोली ते तुर्भे फिरते.
दिवसभर माझ्याशी बोलणारं माणूस
मला माझं निवडायचं होतं.
"दुसरं क-कोणी मिळालं नाही?" तो म्हणाला.
मी म्हटलं, नाही.

'डावीकडे' त्याला येत नाही.
म्हणजे येतं, पण ड-पाशी फाटक पडतं
आणि मालगाडी संपता संपत नाही.
सात वेळा केलं. आठव्यांदा त्याने यादी पालथी ठेवली
आणि एका दमात म्हणाला, घड्याळाच्या हाताला.
मग 'उजवीकडे'चं आपोआप झालं
जेवत्या हाताला.
त्याची आत्या रिक्षावाल्यांना अजून असंच सांगते.

'वळ' की 'वळा', यावर थोडं भांडलो.
मी म्हटलं, घरात मला काय म्हणतोस?
तो म्हणाला, घरात मी तुला वळायला सांगतो कधी?
'वळ' ठेवलं.

यू-टर्नमध्ये वॉचमनचं खोकणं आलंय.
'सरळ'मध्ये पाल चुकचुकली आहे. राहू दिली.

इंग्रजी वाक्यात 'नंतर' आधी येतं.
यंत्र तेच शिकलेलं, पहिल्यांदा तो तुकडा मागतंच.
आपल्याला तो तिथे नको,
आणि जागा रिकामी सोडली तर ते पुढचं काही बोलत नाही.
म्हणून तिथे मी त्याचा श्वास ठेवला,
बोलण्याआधी घेतो तो,
विहिरीत उडी टाकण्याआधी पोरं घेतात तसला.
आता रबाळ्याच्या पुलाआधी, महाप्याच्या वळणाआधी
गाडीत कोणीतरी छातीभर हवा घेतं
आणि माझे हात स्टिअरिंगवर नीट बसतात.

सूचना दोनशे मीटर आधी सुरू व्हायची,
मी ती चारशेवर नेली.
त्याचं बोलणं पुरं व्हायला तेवढा रस्ता लागतो.

परवा लॅबमधला नवा मुलगा, तन्मेष, शेजारी बसला होता.
"ताई, मशीन हँग होतंय तुमचं."
मी म्हटलं, हो, जुनं आहे.
मग तुर्भ्यापर्यंत त्याच्याशी बोलले नाही,
यंत्राकडेही पाहिलं नाही.
रात्री हरेश्वरला वाढताना
हे सांगायचं होतं.
भात वाढला.

शेवटचा तुकडा: पोहोचलीस.
तो मात्र त्याला चुकवायचा नव्हता.
आलं, झालं, उतर,
किती शब्द सुचवले मी.
नाही म्हणाला. हाच.
अकरा सेकंद.
प, प, मग नुसते मिटलेले ओठ ऐकू येतात,
मग लांबून कुठून तरी चालत आल्यासारखा
तो शब्द.
कापायला बसले होते. कात्री म्हणजे एक बटण.
त्यावर बोट ठेवलं, उचललं.

लॅबसमोर मी गाडी लावते, हँडब्रेक ओढते.
मागच्या डब्यात बर्फ पातळ होत असतो,
गेटवरचा माणूस हात करतो, चला, चला.
मी आलेली असते.
तो अजून यायचा असतो.