चाचणी क्रमांक एकेचाळीस

ओल्या पट्टीवर सुईनं रेघ ओढायची,
बरोबर दहा सेंटिमीटर.
वाळल्यावर मोजायची. भाजल्यावर पुन्हा.
दुधनेकाठची काळी माती
वाळता वाळताच साडेआठवर येते.
दीड सेंटिमीटर कुठं गेलं?
सेलूच्या शाळेत चौतीस वर्षं
असल्या प्रश्नाला मी एका शब्दावर पूर्ण गुण दिले: बाष्पीभवन.
आता गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत
तडकलेली पट्टी घेऊन बसते
आणि वाटतं, त्या पोरांना
अर्धाच द्यायला हवा होता.

वहीत असं आहे:
काळी सात भाग, रेती तीन. तडा.
काळी पाच, रेती पाच. तडा नाही, पण चाकावर उभीच राहीना.
घोड्याची लीद, चाळून, दोन मुठी
(वरातीच्या घोडीवाल्या गफूरकडून. हसला. पैसे घेतले नाहीत).
मजबूत. खोलीत वास, आठ दिवस.
कपाचा कान सांध्यात सुटतो. का?
त्या 'का'खाली दोन रेघा.

बाविसावी पट्टी अकराशे अंशांवर
बसलीच.
भट्टी उघडली तर तळाला
काकवीसारखं काहीतरी सांडलेलं,
तपकिरी, चकचकीत.
फळीचं नुकसान साडेसातशे.
मग मोरबीहून मागवलेल्या पांढऱ्या मातीच्या वाटीवर
तीच काळी पाण्यात कालवून लावली,
तुराट्यांची चिमूटभर राख घालून.
ती वाटी रोज वापरते. चटणीला.

भट्टीचं वेळापत्रक महावितरणच्या हातात.
संध्याकाळी एकशे सत्तर व्होल्ट,
तार लाल होते
आणि लाल होऊन नुसती बघत राहते.
मोईन वायरमन म्हणाला, मॅडम, रात्री एकनंतर लावा,
गाव झोपलेलं असतं,
करंट सगळा तुमचाच.
म्हणून एकला उठते, आकडे लिहिते:
चारशे दहा. पाचशे चाळीस.
पाचशे त्र्याहत्तरला गारगोटी अंग बदलते, तिथं हळू.
पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत नऊशे वीस.

एवढं करून
चौथ्या दिवशी भाजलेलं मडकं
फळीवर, कुणी हात न लावता,
टक्.
पोटाची नखाएवढी कपची उडालेली,
आत पांढरा ठिपका.
दुसऱ्या रात्री दुसरं. टक्.
मी अंथरुणात मोजत होते.

रेल्वे फाटकापलीकडे धुरपतबाईंचा आवा.
त्यांनी कपची जिभेला लावली.
"चुन्याचा खडा हाय. काळ्या रानात निघतेत बारके.
भाजला की त्याला तहान लागती.
हवेतलं थेंब थेंब पेतो अन् फुगतो."
मग चाळू? साठ नंबरची जाळी आहे माझ्याकडे.
"चाळा की. तरी एखादा राहतोच.
मडकं गरम हाय तवर पाण्यात बुडवा.
एकदाच पोटभर पिऊ द्या त्याला,
मग गप बसतोय."
हे तुम्हाला कुणी सांगितलं?
"सासूनं. अन् तुमी काय लिहायलाव त्या वहीत?"

कळीचा चुना, पाणी, उष्णता.
शेकडो वेळा फळ्यावर लिहिलेलं समीकरण,
आणि चार रात्री मी त्याच्याच आवाजानं
दचकून जागी होत होते,
ओळखलं नाही.

चाचणी एकेचाळीस.
घमेलं भरून, चिमट्यात धरून बुडवलं.
बराच वेळ बुडबुडे येत होते,
शेजारचं मांजर येऊन बघून गेलं.
आज सहावी रात्र.
कान सांध्यात सुटलाच आहे, त्याचं नंतर बघू.
दिवा बंद करून पडलेय.
फळीकडून अजून काही नाही.