सतरा नंबर

सहा वर्षं, एक लाख एकेचाळीस हजार मैल.
मामा असते तर ओठ उचलून बघितले असते,
म्हणाले असते, जुळलेली आहे, आता दात मोजू नका.
खरसुंडीच्या बाजारात ते हेडी होते,
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे.
एकाही बैलाचा आकडा कधी मोठ्यानं बोलले नाहीत.

मी वॉल्सॉलमध्ये, पत्र्याच्या शेडला चिकटलेल्या काचेच्या खोलीत.
हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या कंपनीच्या
बेचाळीस व्हॅन माझ्या वहीत आहेत.
कुणाचं ऑइल कधी, कुणाचा पट्टा कधी,
कुणाची एमओटी मंगळवारी संपते,
झोपेतून उठवलं तरी सांगेन.
स्वतःच्या रक्तदाबाची तारीख दोनदा चुकली.

आज सतरा नंबर निघायची आहे.
वेंडेल हेअर ड्रायरनं दारावरची अक्षरं तापवतोय,
कोपरा सुटला की सालीसारखी सोलतोय.
कंपनीचं नाव गेलं, फोन नंबर गेला,
तरी ऊन न लागलेला रंग खाली तसाच,
तिरकं बघितलं की सगळं वाचता येतं.
"पॉलिश मारू?"
"मार. पण फार मन लावून नको.
जुनी गाडी जास्त चमकली की घेणारा बॉनेट दोनदा उघडतो."
हेही मामांचंच. शिंगांना ते तेल लावायचे, रंग नाही.

सीटखाली सापडलं:
एक हातमोजा, डावा.
पुदिन्याच्या गोळ्या, एकमेकींना धरून बसलेल्या.
बर्मिंगहॅमच्या पार्किंगची पावती, अठरा मिनिटांची.
आणि कीथ ऑलसॉपचा चष्मा, ज्याच्यापायी
रिटायर होईपर्यंत त्यानं आम्हा सगळ्यांवर संशय घेतला.

मग लिलाववाल्यांचा फॉर्म.
टायर: ठीक. क्लच: नवा, मार्चमधला, पावती जोडली आहे.
सर्व्हिसचे शिक्के: सगळे.
एकही चुकू दिला नाही, हे लिहायला रकाना नाही.
डावा दरवाजा: ओरखडा, चाळीस सेंटीमीटर.
कारण?

कारण एका रविवारी यार्ड रिकामं होतं,
चार वेळा नापास झालेली मी स्टिअरिंगवर
आणि बाजूला कीथ, मांडीवर चहाचा थर्मास,
"सावकाश, पोरी. खांब कुठं पळून जात नाही."
खांब पळाला नाही.
सोमवारी नोंदवहीत त्याच्या ठोकळ्या अक्षरांत:
चूक माझी. के. ऑ.
त्या वर्षीचा त्याचा बोनस, अडीचशे पौंड,
खांबानं खाल्ला.
पाचव्या वेळी मी पास झाले तेव्हा एवढंच म्हणाला,
"मला काय सांगतेस? व्हॅनला सांग."

मी लिहिते: सर्वसाधारण वापर.
खोडते.
लिहिते: चूक माझी. हेमलता डुबल.
वेंडेल खांद्यावरून वाचतो. "यानं भाव पडेल?"
"भाव ओरखड्याचा पडतो. कुणी काढला त्याचा नाही."

गुरुवारी दुपारी, स्क्रीनवर, एकतीस सेकंद.
रुमाल नाही, बोटं नाहीत,
आकडा उघड्यावर वर चढत गेला आणि
चार हजार दीडशेवर थांबला. टेलफर्डची एक बाई,
कुत्र्यांना दारोदारी जाऊन अंघोळ घालते म्हणे.
चला, धुणंच आहे.

बैल विकला तरी दावं देत नाहीत.
पाकिटात दोन्ही किल्ल्या घातल्या, शिक्क्यांची पुस्तिका घातली,
पण किल्लीच्या कडीतली कीथची चामड्याची पट्टी
सोडवून घेतली. नख तुटलं.
पट्टी ड्रॉवरमध्ये आहे, चष्म्याशेजारी.

चष्मा शनिवारी पोचवायचा आहे.
त्याच्या घरापर्यंत दोन बस बदलाव्या लागतात.
मी गाडी घेऊन जाईन.